मुंबईतील रॉक संगीत

मुंबईतील रॉक संगीत म्हणजे मुंबई शहरात विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून रुजलेली, इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार आणि ड्रम्स या वाद्यांवर आधारलेली संगीतपरंपरा होय. हिंदी चित्रपटसंगीत, नाट्यसंगीत आणि लोकसंगीत यांच्या तुलनेत या परंपरेचा श्रोतृवर्ग लहान राहिला. तथापि पाच दशकांहून अधिक काळ ती खंडित झालेली नाही. बीट गट, सायकेडेलिक रॉक, हेवी मेटल, पंक आणि पर्यायी रॉक असे तिचे अनेक प्रवाह आहेत.

या संगीताचा इतिहास त्याच्या मंचांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. धोबी तलावावरील रंगभवन, कुलाब्यातील स्लिप डिस्क, जुहू येथील रॅझबेरी ऱ्हायनोसरस आणि लोअर परळमधील ब्लू फ्रॉग ही त्यांतील ठळक नावे होत. या चारही ठिकाणचे कार्यक्रम कालांतराने थांबले. प्रत्येक मंच बंद झाल्यावर कलावंतांना नवी जागा शोधावी लागली आणि त्या जागेनुसार श्रोतृवर्गही बदलत गेला.

== संज्ञा आणि व्याप्ती ==

मराठीत 'बँड' हा शब्द दीर्घकाळ लग्नाच्या वरातीतील वाजंत्र्यांसाठी आणि पोलीस वा लष्करी वाद्यपथकांसाठी वापरला जात असे. रॉक संगीतातील बँड हा तीन ते सहा वादक-गायकांचा कायमस्वरूपी गट असतो. गाणी रचणे, त्यांची तालीम करणे आणि ती सादर करणे ही सर्व कामे गटातील मंडळीच करतात. चित्रपटसंगीतात गीतकार, संगीतकार, संयोजक, वादक आणि गायक हे वेगवेगळे असतात. रॉक बँडमध्ये या भूमिका एकाच गटात सामावलेल्या असतात. त्यामुळे गट फुटला की त्याची गाणीही बहुधा मंचावरून नाहीशी होतात.

पंक हा रॉक संगीताचा एक पंथ १९७०च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क व लंडन येथे उदयास आला. छोटी गाणी, वेगवान लय, मोजके स्वरमेळ आणि प्रस्थापितांविषयी उघड नाराजी ही त्याची लक्षणे होत. याच काळात चित्रकला व दृश्यकला यांचे शिक्षण घेतलेल्या अनेक तरुणांनी पंकच्या साधेपणाला प्रयोगशीलतेची जोड दिली. या प्रवाहाला 'आर्ट पंक' असे म्हटले जाते.

== पूर्वपीठिका : जॅझचा काळ ==

पाश्चात्त्य वाद्यसंगीताची सवय मुंबईला रॉकच्या आधीपासून होती. १९३५ मध्ये अमेरिकी वादक लिऑन ॲबी यांचे पथक ताजमहाल हॉटेलात वाजवण्यासाठी आले. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आदी आफ्रिकी-अमेरिकी वादकांनी या हॉटेलात दीर्घ काळ जॅझ वाजवले. गोव्यातील चर्चशाळांमधून स्वरलिपी शिकलेले अनेक गोमंतकीय वादक या पथकांत सामील झाले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ) हे त्यांपैकी एक होत. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

स्वातंत्र्यानंतर चर्चगेट स्ट्रीटवरील (आताचा वीर नरिमन मार्ग) उपाहारगृहांतून जॅझ वाजत राहिले. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ मुळे उपाहारगृहांचे उत्पन्न घटले आणि वादकांची कामे कमी झाली. अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. मद्यविषयक कायदा आणि संगीताची जागा यांचा संबंध पुढे रॉक संगीताच्या बाबतीतही कायम राहिला.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. त्याचा मंच रंगभवन हाच होता.

== साठ व सत्तरचे दशक ==

१९६०च्या दशकाच्या मध्यात बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ सिलोन यांच्या प्रभावातून मुंबईच्या महाविद्यालयांत 'बीट ग्रुप' तयार होऊ लागले. द जेट्स, द सॅव्हेजेस, द मिस्टिक्स, द कंबस्टिबल्स हे त्यांतील काही गट होते. परदेशी गिटार आणि ध्वनिवर्धक मिळवणे सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. देशी बनावटीच्या गिटारींना चुंबकीय पिकअप बसवणे, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडून ॲम्प्लिफायर बनवून घेणे असे उपाय सर्रास केले जात.

इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही देशव्यापी स्पर्धा भरवली. १९७० आणि १९७१ या वर्षांतील निवडक गटांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मुंबईच्या व्हेल्व्हेट फॉगसह देशातील अनेक गटांचे वादन त्यांमुळे जतन झाले. त्या काळातील बहुसंख्य गटांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नसल्याने या ध्वनिमुद्रिकांना आज दस्तऐवजाचे मोल आहे.

१९७१ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे 'स्नेह यात्रा' हा खुल्या मैदानावरील संगीत महोत्सव झाला. अमेरिकेतील वुडस्टॉक महोत्सवाशी (१९६९) त्याची तुलना केली जाते.

=== स्लिप डिस्क ===

स्लिप डिस्क हा कुलाब्यातील छोटा डिस्कोथेक होता. १९७२ मध्ये ब्रिटनच्या लेड झेपेलिन या बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असता त्यांनी या क्लबमध्ये स्थानिक वादकांसह उत्स्फूर्त वादन केले. त्या काळी लेड झेपेलिनचे कार्यक्रम इंग्लंड-अमेरिकेत हजारोंच्या गर्दीपुढे होत असत. मुंबईत मात्र मूठभर श्रोत्यांनी त्यांना हाताच्या अंतरावरून ऐकले. याच वर्षी पेज व प्लांट यांनी मुंबईतील भारतीय वादकांसमवेत आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीसोबत अधिकृतपणे प्रसिद्ध झाले.

== रंगभूमीशी नाते ==

१९७०च्या दशकात रॉक गायकांना रंगभूमीने आधार दिला. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक मुंबईत सादर केले. त्यात ज्यूडासची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. नंदू हे मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे व आशा भेंडे यांचे पुत्र. व्हेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर आणि ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या रॉक गटांशी त्यांचा संबंध होता. ॲटॉमिक फॉरेस्टचा 'ऑब्सेशन ७७' हा अल्बम भारतीय रॉकच्या मोजक्या जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी आहे.

१९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. बर्टोल्ट ब्रेख्त व कुर्ट वाइल यांच्या १९२८ मधील 'थ्रीपेनी ऑपेरा'चे ते मराठी रूप होते. नाट्यपद, लावणी आणि पाश्चात्त्य पॉप अशा भिन्न शैली त्यात शेजारी शेजारी नांदत होत्या. नंदू भेंडे यांनी या नाटकात प्रमुख भूमिका केली. इंग्रजी रॉकमध्ये घडलेला आवाज मराठी प्रेक्षकांनी मराठी शब्दांतून ऐकण्याचा हा सुरुवातीचा आणि महत्त्वाचा प्रसंग मानता येईल. भेंडे यांचे २०१४ मध्ये निधन झाले.

== रंगभवन ==

रंगभवन हे धोबी तलाव परिसरात, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या निकट असलेले राज्य शासनाचे खुले नाट्यगृह आहे. मराठी नाटके, शास्त्रीय संगीताच्या मैफली, जॅझ आणि रॉक या सर्वांना त्याने मंच दिला. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या दोन्ही स्थानकांतून तेथे चालत पोहोचता येते. पाश्चात्त्य वाद्यांचे जुने विक्रेते फुर्टाडोज यांचे दुकानही याच परिसरात आहे.

२६ मार्च १९८० रोजी ब्रिटनच्या 'द पोलिस' या बँडचा कार्यक्रम रंगभवनात झाला. स्टिंग, अँडी समर्स आणि स्ट्यूअर्ट कोपलँड हे तिघे त्याचे सदस्य होते. लंडनमधील पंक चळवळीच्या भरात, १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या बँडने पंकच्या वेगाला जमैकाच्या रेगे लयीची जोड दिली होती. मुंबईतील कार्यक्रमाचे आयोजन टाइम अँड टॅलेंट्स क्लब या धर्मादाय कार्य करणाऱ्या महिलांच्या संस्थेने केले होते. पंकच्या प्रभावळीतील एखादा जगप्रसिद्ध बँड ऐन उमेदीच्या काळात मुंबईत ऐकायला मिळाल्याचे हे विरळा उदाहरण होय.

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक महोत्सव सुरू झाला. 'आय-रॉक' या संक्षिप्त नावाने तो ओळखला जाई. देशभरातील नवोदित बँड येथे हजेरी लावत. माफक शुल्क, खुली बैठक आणि वयाची अट नसणे यांमुळे महाविद्यालयीन विद्यार्थी हा त्याचा मुख्य श्रोता होता.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. रंगभवनाच्या आसपास रुग्णालये व महाविद्यालय दोन्ही आहेत. २०००च्या दशकात या कारणाने तेथील ध्वनिवर्धकयुक्त कार्यक्रम बंद पडले. रुग्णांच्या विश्रांतीचा हक्क आणि शहराच्या सांस्कृतिक जागेची गरज या दोन न्याय्य बाबी येथे परस्परांसमोर आल्या. आय-रॉक पुढे अंधेरीसारख्या उपनगरांतील मैदानांवर हलवला गेला. परंतु रेल्वेस्थानकापासून चालत गाठता येणारे दक्षिण मुंबईतील तसे दुसरे खुले नाट्यगृह रॉक संगीताला मिळाले नाही.

== स्वरचित गाण्यांकडे ==

१९८०च्या दशकापर्यंत मुंबईतील बहुतेक बँड परदेशी बँडची गाणी वाजवत. त्यांना 'कव्हर' म्हटले जाते. मूळ ध्वनिमुद्रणाच्या जितके जवळ जाता येईल तितकी दाद अधिक, असा श्रोत्यांचा दंडक होता. अनोळखी गाणे सुरू होताच ओळखीच्या गाण्याची मागणी होई.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीन या बँडने हा दंडक मोडण्याचा निर्धार केला. गिटारवादक महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया, बेसवादक मार्क सेल्विन, ड्रमवादक मार्क मेनेझिस आणि गिटारवादक जयेश गांधी हे त्याचे प्रमुख सदस्य होत. 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) हे त्यांचे स्वरचित गाण्यांचे अल्बम होते. १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले आणि सतार, तबला यांसारख्या भारतीय वाद्यांच्या ध्वनींचा वापर वाढवला. उपग्रह वाहिन्यांवरील चित्रफितींमुळे बँड देशभर पोहोचला. १९९७ मध्ये तो विसर्जित झाला.

त्यानंतरच्या पिढीतील पेंटाग्राम (स्थापना १९९४) या बँडने गिटारला इलेक्ट्रॉनिक ध्वनींची जोड दिली. 'वी आर नॉट लिसनिंग' (१९९६) हा त्यांचा पहिला अल्बम. गायक विशाल दादलानी पुढे विशाल-शेखर या संगीतकार जोडीमुळे हिंदी चित्रपटसृष्टीत प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये पेंटाग्रामने इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवात कला सादर केली. चित्रपटसंगीतातून उपजीविका आणि बँडमधून स्वतःचे संगीत, ही विभागणी मुंबईतील अनेक रॉक कलावंतांच्या आयुष्यात दिसते.

== पंक आणि आर्ट पंक ==

=== जागतिक संदर्भ ===

न्यूयॉर्कच्या बॉवरी भागातील सीबीजीबी या अरुंद, लांबट क्लबमध्ये रमोन्स, टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ आणि टॉकिंग हेड्स यांनी आपली सुरुवातीची वाटचाल केली. हिली क्रिस्टल यांनी तो डिसेंबर १९७३ मध्ये सुरू केला. येथे वाजवणाऱ्या बँडने स्वतःची गाणीच वाजवली पाहिजेत, असा त्यांचा नियम होता. या एका नियमामुळे अप्रसिद्ध बँडांना नवी गाणी लोकांसमोर आजमावण्याची जागा मिळाली. भाड्याच्या वादानंतर ऑक्टोबर २००६ मध्ये क्लब बंद झाला. अखेरचा कार्यक्रम पॅटी स्मिथ यांचा होता.

लंडनमधील वायर (स्थापना १९७६) हा आर्ट पंकचा प्रातिनिधिक बँड मानला जातो. 'पिंक फ्लॅग' (१९७७) या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये सुमारे ३५ मिनिटांत २१ गाणी आहेत. काही वर्षांच्या खंडानंतर १९८०च्या दशकाच्या मध्यात बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा सदस्यांनी जुनी गाणी वाजवण्यास नकार दिला. १९८७ मधील अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी 'पिंक फ्लॅग'मधील गाणी वाजवणारा दुसरा एक बँड सोबत घेतला. जुनी गाणी हवी असलेल्यांनी ती त्या बँडकडून ऐकावी आणि वायरकडून नवी ऐकावी, अशी ही योजना होती. ज्येष्ठ बँडने आपल्याच गतकाळाची नक्कल करावी काय, हा प्रश्न या प्रसंगातून स्पष्टपणे पुढे आला.

=== मुंबईतील पंक ===

मुंबईत पंकचा प्रसार हेवी मेटलच्या तुलनेत मर्यादित राहिला. वाद्यावरील प्रभुत्वाला येथील श्रोते फार महत्त्व देत असल्याने, मोजक्या स्वरमेळांवर चालणारे पंक त्यांना अपुरे वाटे. १९९०च्या दशकाअखेर पिन ड्रॉप व्हायोलन्स या बँडने पंक व मेटल यांच्या संगमातून निघालेली हार्डकोर शैली शहरात आणली. २०१०च्या दशकात द रायट पेडलर्स या त्रिकुटाने राजकीय व सामाजिक उपहास असलेली छोटी, वेगवान गाणी सादर केली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे 'सरकार्झम' हे नाव 'सरकार' आणि उपहासाचा इंग्रजी शब्द यांच्या संधीतून घडलेले आहे. द लाइटइयर्स एक्सप्लोड या बँडने पंकला सुरावटीची जोड देत 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण' (२०१३) हा अल्बम काढला.

== छोटे क्लब ==

=== रॅझबेरी ऱ्हायनोसरस ===

जुहूतील एका हॉटेलात असलेला रॅझबेरी ऱ्हायनोसरस हा क्लब १९९०च्या दशकात आणि २०००च्या दशकाच्या पूर्वार्धात उपनगरांतील बँडांचे केंद्र होता. नामांकित नसलेल्या बँडांनाही तेथे मंच मिळत असे. झीरो, ब्रह्मा, डिमॉनिक रेझरेक्शन आदी बँडांच्या पिढीची जडणघडण अशा ठिकाणी झाली.

=== ब्लू फ्रॉग ===

डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात ब्लू फ्रॉग सुरू झाला. संगीतकार आशू फाटक व ध्रुव घाणेकर हे त्याच्या संस्थापकांपैकी होते. मंचाभोवती चढत्या उंचीवर मांडलेले गोलाकार बैठकीचे कप्पे हे त्याचे वैशिष्ट्य होते. उत्तम ध्वनियंत्रणा आणि आठवड्यातील बहुतेक रात्री प्रत्यक्ष वादन यांमुळे व्यावसायिक पातळीवर बँड चालवणे शक्य आहे, असा विश्वास कलावंतांना वाटू लागला. २०१६ मध्ये मुंबईतील ब्लू फ्रॉग बंद झाला. त्याच वर्षी काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे ध्वनिमुद्रिकांचे जुने दुकानही बंद झाले.

=== कार्यक्रमाचे स्वरूप ===

छोट्या क्लबमधील कार्यक्रमाची रीत ठरलेली असते. दुपारी वा सायंकाळी बँड ध्वनिचाचणी करतो. प्रत्येक ड्रम, प्रत्येक गिटार आणि प्रत्येक आवाज यांची पातळी ध्वनितंत्रज्ञ क्रमाने जुळवतो. छोट्या खोलीत ड्रम्सचा नैसर्गिक आवाजच मोठा असतो. म्हणून गायकाचा आवाज त्यावर ऐकू येण्याइतपत वाढवताना ध्वनिवर्धकाची शिटी वाजू न देणे हे तंत्रज्ञाचे मुख्य कौशल्य ठरते. कलावंतांना स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून मंचावर त्यांच्याकडे तोंड केलेले वेगळे स्पीकर ठेवतात.

मानधनाच्या तीन पद्धती रूढ आहेत : ठरावीक रक्कम, प्रवेशशुल्कातील वाटा, किंवा या दोहोंचे मिश्रण. वाद्यांची ने-आण, तालीमखोलीचे भाडे आणि तंत्रज्ञाचे मानधन वजा जाता छोट्या बँडच्या प्रत्येक सदस्याच्या हाती फार थोडी रक्कम राहते. क्लबचे उत्पन्न तिकिटापेक्षा खाद्यपेयांच्या विक्रीवर अधिक अवलंबून असते. त्यामुळे श्रोते शांतपणे ऐकत उभे राहिले तर कलावंत सुखावतो, परंतु क्लबचा गल्ला भरत नाही, असा विरोधाभास निर्माण होतो.

== गिरणगाव आणि क्लब ==

एकविसाव्या शतकात मुंबईतील अनेक क्लब लोअर परळ व वरळी परिसरातील बंद गिरण्यांच्या आवारांत उभे राहिले. हार्ड रॉक कॅफेची भारतातील पहिली शाखा २००६ मध्ये वरळीच्या बॉम्बे डाइंग मिलच्या आवारात सुरू झाली. उंच छत, खांबविरहित मोठ्या जागा आणि मध्यवर्ती ठिकाण यांमुळे गिरण्यांच्या इमारती अशा वापरासाठी सोयीच्या ठरल्या.

या आवारांना आधीचा एक सांस्कृतिक इतिहास आहे. गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचे प्रमाण मोठे होते. गुहागर तालुक्यातील हेदवी, वेळणेश्वर यांसारख्या किनारी गावांपासून संगमेश्वर, लांजा येथील डोंगराळ गावांपर्यंत घरटी एखादा माणूस मुंबईत असे. या कामगारांनी भजने, नमन-खेळे आणि शक्ती-तुरा (जाखडी) या कला चाळींतून व छोट्या सभागृहांतून जोपासल्या. शक्ती-तुऱ्यात दोन पक्ष समोरासमोर उभे राहून सवाल-जवाब करतात. रचना शाहिरांच्या स्वतःच्या असतात आणि प्रतिपक्षाची खोडी काढणे हा कार्यक्रमाचा अविभाज्य भाग असतो. १९२२ पासून परळ येथे उभे असलेले दामोदर नाट्यगृह हे या कलांचे मुंबईतील प्रमुख आश्रयस्थान होते. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद करण्यात आले, तेव्हा रंगकर्मी आणि कोकणातील लोककलावंत यांनी त्यास विरोध दर्शवला.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. संपानंतर बहुतांश गिरण्या हळूहळू बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे मोकळी जागा, गृहनिर्माण आणि मालक असे तीन वाटे करण्याची तरतूद होती. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी मुख्यतः रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणामी सार्वजनिक मोकळ्या जागा अपेक्षेपेक्षा फार कमी मिळाल्या आणि व्यापारी वापर वाढला. ज्या परिसरात कामगारांची कला विनामूल्य वा अल्प दरात सादर होत असे, तेथे प्रवेशशुल्क घेणारे क्लब आले.

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गिरण्यांच्या आवारांतील उपाहारगृहे व क्लब यांच्या अग्निसुरक्षेची तपासणी कडक करण्यात आली.

== कायदेशीर चौकट ==

मुंबईत प्रत्यक्ष वादनाचा कार्यक्रम ठेवण्यासाठी सभागृहास पोलिसांचा करमणूक परवाना, महापालिकेची परवानगी आणि अग्निशमन दलाचे प्रमाणपत्र लागते. मद्यविक्रीसाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना स्वतंत्र असतो.

रॉक संगीताच्या दृष्टीने तीन बाबी निर्णायक ठरल्या :

* वेळ. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सण व सांस्कृतिक कार्यक्रम यांसाठी राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ही सवलत प्रायः गणेशोत्सव, नवरात्र आदी सणांसाठी वापरली जाते.
* जागा. बंदिस्त सभागृहांना वेळेच्या नियमातून सूट असल्याने संगीत मैदानातून बंद खोलीत गेले.
* वय. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. त्यामुळे मद्य विकणारे अनेक क्लब २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेशच देत नाहीत.

या तिन्हींचा एकत्रित परिणाम असा, की सतरा-अठरा वर्षांचा जो विद्यार्थी रंगभवनाच्या पायऱ्यांवर बसून रॉक ऐकत असे, त्याच वयाच्या आजच्या विद्यार्थ्याला अनेक क्लबांचे दार बंद आहे. बँड सुरू करण्याचे वय मात्र बहुधा तेच असते. आयआयटी मुंबईचा 'मूड इंडिगो' (स्थापना १९७१) आणि सेंट झेवियर्सचा 'मल्हार' (स्थापना १९७९) यांसारखे महाविद्यालयीन महोत्सव ही उणीव काही अंशी भरून काढतात. तथापि ते वर्षातून एकदाच होतात.

== ज्येष्ठ बँड आणि छोटा मंच ==

रॉक हे तरुणांचे संगीत मानले जात असले, तरी त्याचे पहिले कलावंत आता ज्येष्ठ झाले आहेत. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर व बालापोरिया या जुन्या सदस्यांसोबत बेसवादक रुशाद मिस्त्री आणि ड्रमवादक जय राव कवी हे तरुण वादक सामील झाले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नव्या गाण्यांचा अल्बम प्रसिद्ध झाला. केवळ जुन्या गाण्यांच्या आठवणींवर विसंबून न राहता नवी रचना करण्याचा बँडचा हा निर्णय उल्लेखनीय होता. तब्बल १५ वर्षांहून अधिक काळाच्या अंतराने आलेला तो त्यांचा पहिला अल्बम होता.

ज्येष्ठ बँडांना छोटा मंच अनेक कारणांनी सोयीचा पडतो. मोठ्या मैदानासाठी लागणारा प्रायोजक नव्या गाण्यांपेक्षा गाजलेल्या गाण्यांचा आग्रह धरतो. छोट्या सभागृहात शेदोनशे जाणकार श्रोते पुरेसे असतात. गाणे अर्धवट वाटले तर पुढच्या कार्यक्रमात ते बदलता येते. कलावंत आणि श्रोता यांच्यातील अंतर कमी असल्याने चूक लपत नाही आणि दादही तत्काळ मिळते. मात्र अशा कार्यक्रमांतून उपजीविका होत नसल्यामुळे बहुतेक ज्येष्ठ कलावंत जाहिरातसंगीत, अध्यापन, ध्वनिमुद्रण वा अन्य व्यवसाय करतात.

== भाषा ==

मुंबईतील बहुसंख्य रॉक बँडांनी इंग्रजीत गाणी रचली. इंग्रजी माध्यमाच्या शाळा-महाविद्यालयांत हे संगीत वाढले, हे त्याचे प्रमुख कारण होय. २०००च्या दशकापासून हिंदी रॉकचा विस्तार झाला; पुण्याचा अग्नी हा बँड त्याचे एक उदाहरण आहे. मराठी रंगभूमीवरील व चित्रपटांतील गीतांत रॉकच्या वाद्यमेळाचा वापर वाढला असला, तरी स्वतःची मराठी गाणी घेऊन क्लबमध्ये नियमित वाजवणाऱ्या बँडांची संख्या मोजकीच राहिली आहे. तमाशा, शाहिरी आणि शक्ती-तुरा यांत उपहास व प्रस्थापितांवरील टीका यांची मोठी परंपरा आहे. पंकचा गाभाही तोच असूनही या दोन प्रवाहांची भेट क्वचितच झाली.

== सद्यस्थिती ==

२०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर यांसारख्या महोत्सवांनी स्वतंत्र बँडांना मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. ध्वनिमुद्रण घरच्या घरी करणे आणि ते आंतरजालावरून प्रसृत करणे सोपे झाल्याने अल्बम काढण्यातील जुना अडसर दूर झाला आहे. नवी गाणी प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर वारंवार वाजवून पाहण्यासाठी लागणारी परवडणारी, सुरक्षित आणि सर्व वयोगटांना खुली अशी छोटी सभागृहे ही मुंबईतील रॉक संगीताची प्रमुख गरज राहिली आहे.

== हेही पहा ==

* रंगभवन
* जॅझ यात्रा
* तीन पैशाचा तमाशा
* गिरणगाव
* शक्ती-तुरा
* पंक रॉक